बिनभोगवटा शुल्क

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो, तेव्हा देखभालीच्या बिलाखेरीज संस्था त्याच्याकडून घेते ती रक्कम. बोलण्यात ‘नॉन-ऑक्युपन्सी’. पूर्वी हा दर ठरे सर्वसाधारण सभेत, आणि तिथे हात वर करणारे बहुधा घरात राहणारेच असत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 79अ खाली राज्य शासनाने 1 ऑगस्ट 2001 रोजी आदेश काढून शुल्काला सेवाशुल्काच्या (रखवालदार, सफाई, सामाईक वीज अशा रोजच्या खर्चाच्या वाट्याच्या) 10 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. मुंबईतील माँट ब्लांक सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये हा आदेश उचलून धरला.

घोळ होतो तो 10 टक्के कशाचे यावरून. समजा, बिल 5,000 रुपयांचे आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीची गंगाजळी), दुरुस्ती निधी वगैरे वजा जाता त्यात सेवाशुल्क 2,000 रुपये उरते. मग शुल्क जास्तीत जास्त 200 रुपये, 500 नव्हे. भाडे वीस हजार येते की ऐंशी हजार, याच्याशी संस्थेला कर्तव्य नाही. सदनिका कुलूपबंद असेल, किंवा तिथे सभासदाचे आईवडील, भाऊबहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई वा नातवंडे राहत असतील, तर हे शुल्क लागत नाही.

आदर्श उपविधींनुसार (संस्थांच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांनुसार) घर भाड्याने द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आगाऊ लेखी कळवून लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यावी लागते. तरी ‘एनओसी’साठी सेक्रेटरीकडे खेटे घालावे लागतात, ‘बॅचलर नको’ असे ठराव होतात, सामानाचा टेम्पो गेटवर अडवला जातो. अशा ठरावांना उपविधींत आधार नाही. मालकाची खरी जबाबदारी वेगळीच आहे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पुण्यात अनेक इमारती सोसायटी नसून 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालील ‘अपार्टमेंट’ आहेत. 2001 चा आदेश सहकार कायद्याखालचा, म्हणून तो त्यांना आपोआप लागू होत नाही. तिथे घोषणापत्र (इमारत या कायद्याखाली आणताना नोंदवलेला दस्त) आणि त्याला जोडलेले उपविधी काढून पाहावे लागतात.