हस्तचालित फिल्म कॅमेरे : वापर आणि संग्रह (ग्रामीण विदर्भ)

फोकस, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) आणि रोल पुढे सरकवणे ही सर्व कामे ज्यात हातानेच करावी लागतात, त्यास हस्तचालित फिल्म कॅमेरा म्हणतात. डिजिटल कॅमेरे येईपर्यंत विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणचे स्टुडिओ लग्नाचे, ओळखपत्राचे आणि पोळ्याच्या बैलजोडीचे फोटो अशाच कॅमेऱ्यांवर काढीत. यशिका-मॅट, पेंटॅक्स के-१००० आणि झेनिट-ई हे संग्राहकांच्या परिचयाचे कॅमेरे होत.

या प्रदेशातील वापराचे सर्वांत मोलाचे उदाहरण सेवाग्रामचे आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले. याच गावाला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. त्यांच्या पुतण्याचे पुत्र कनू गांधी (१९१७–८६) यांनी घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून कॅमेरा घेतला व तो रोलीफ्लेक्स होता, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यांच्या छायाचित्रणाचा आरंभ १९३८ च्या सुमारास मानतात. फ्लॅश वापरावयाचा नाही, फोटोसाठी थांबावयास सांगावयाचे नाही आणि आश्रमाने खर्च करावयाचा नाही, अशा गांधीजींच्या तीन अटी होत्या. दोन भिंगांच्या या कॅमेऱ्यात वरून, पोटाशी धरून पाहता येते. तो डोळ्यांपर्यंत उचलावा लागत नाही. त्यामुळे दुसरी अट पाळणे या यंत्राने सुकर झाले असावे.

संग्राहकांचा सर्वाधिक गोंधळ लेन्स बसविण्याच्या आट्यांविषयी होतो. ४२ मिमी व्यासाच्या व १ मिमी अंतराच्या आट्यांना, म्हणजे एम-४२ ला, कोणी ‘प्रॅक्टिका’, तर कोणी ‘पेंटॅक्स थ्रेड’ म्हणतात. पैकी दुसरे नाव उत्पत्तीच्या दृष्टीने टिकत नाही, कारण पेंटॅक्स बनविणाऱ्या असाही या जपानी कंपनीने या आट्या १९५७ च्या असाही पेंटॅक्सपासून स्वीकारल्या. तिच्या आधीच्या असाहीफ्लेक्सच्या आट्या ३७ मिमीच्या होत्या. खरा वाद जर्मनीतील ड्रेस्डेनच्या दोन कारखान्यांपुरता उरतो. झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स-एस आणि केडब्ल्यू कारखान्याचा प्रॅक्टिका हे दोन्ही कॅमेरे १९४९ च्या सुमारास बाजारात आले. केडब्ल्यूच्या आधीच्या प्रॅक्टिफ्लेक्सच्या आट्या ४० मिमीच्या होत्या. हाती असलेले माप सोडून केडब्ल्यूने नवे घेतले, ते बाहेरून आलेले असण्याचा संभव अधिक. म्हणून मूळ श्रेय झाइसकडे देणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. सोव्हिएत लेन्स घेताना याहून अधिक सावध राहावे लागते. जुन्या झेनिटच्या आणि झॉर्की या दुसऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्याच्या आट्या दोन्ही ३९ मिमीच्या असल्या, तरी लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर झेनिटमध्ये सुमारे ४५.२ मिमी, तर झॉर्कीमध्ये २८.८ मिमी आहे. झॉर्कीची लेन्स झेनिटवर नीट बसते, पण केवळ अगदी जवळच्या वस्तूवरच फोकस होते.

जतनाचा विचार येथील हवामानापासून सुरू करावा लागतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. अशा उष्णतेत लेन्समधील ग्रीस पातळ होते आणि त्याचे तेल अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरते. पाती चिकटली, की फोटोतील प्रकाशाचा अंदाज चुकतो. पावसाळ्यातील दमट हवेत काचेवर बुरशी धरते व तिच्या आम्लांनी काचेवरील लेप कायमचा खरवडला जातो. चामड्याच्या मूळ पिशवीत कॅमेरा ठेवण्याची घरोघरची सवय याबाबतीत घातकच आहे, कारण चामडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवणे उत्तम.

असाहीच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ लेन्सच्या नंतरच्या आवृत्तीत थोरियम या किरणोत्सारी धातूने युक्त काच असून ती कालांतराने पिवळी पडते. ऊन दाखवल्यास ती पुन्हा बरीच स्वच्छ होते. मात्र त्यासाठी उन्हाळा टाळून हिवाळ्याचे ऊन निवडावे आणि लेन्स कडब्याजवळ कधीही ठेवू नये, कारण एकवटलेल्या किरणांनी आग लागू शकते.

प्रत्यक्ष वापरात उजेडाचा अंदाज सोपा आहे : कडक उन्हात १०० आयएसओच्या (प्रकाशसंवेदनशीलतेच्या) रोलसाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर १/१२५ सेकंद. रोल धुणे मात्र कठीण जाते. कृष्णधवल रोलसाठी द्रावण सामान्यतः २० अंश सेल्सिअसला धरतात, तर उन्हाळ्यात येथील नळाचे पाणी त्याहून बरेच गरम असते. ते माठात ठेवून शक्य तितके गार करावे, गरजेप्रमाणे बर्फ लावावा आणि द्रावण तरीही गरम राहिल्यास रोल द्रावणात ठेवण्याचा वेळ तक्त्याप्रमाणे कमी करावा. द्रावण व धुण्याचे पाणी यांच्या तापमानात मोठा फरक पडला, तर फिल्मवरील थराला सुरकुत्या येतात.

बंद पडलेल्या स्टुडिओतून कॅमेरा घेताना त्यासोबतच्या निगेटिव्हची पाकिटेही मागून घ्यावीत. त्यांवरील गावाचे नाव, तारीख आणि प्रसंग जसेच्या तसे उतरवून ठेवावेत. कॅमेऱ्याचा दुसरा नमुना मिळू शकतो, त्या निगेटिव्हचा मिळत नाही.