आंतरकिनारी जलमार्गांचा गाळउपसा व सरकारी निधी (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अटलांटिक महासागर व मेक्सिकोचे आखात यांच्या किनाऱ्याला समांतर, परंतु खुल्या समुद्राच्या आतल्या बाजूने जाणारे नौकामार्ग आहेत. त्यांची ठरावीक खोली व रुंदी टिकवण्यासाठी केंद्र सरकार, राज्ये आणि स्थानिक करजिल्हे (ठरावीक कामासाठी कर आकारणारे विभाग) पैसा उभा करतात. तो पैसा व त्याच्या वाटपाची पद्धत हा या नोंदीचा विषय आहे. खाड्या, नद्यांची मुखे, बेटांमागची उथळ सरोवरे आणि त्यांना जोडणारे खोदीव कालवे मिळून हे मार्ग तयार झाले आहेत. ते एकदा खोदून भागत नाही. भरती-ओहोटीबरोबर वाळू व चिखल सतत आत येत राहतो, आणि उपसा थांबला की काही ठिकाणी थोड्याच काळात नौकांना वाट उरत नाही. त्यामुळे निधी नियमित मिळतो की नाही, हाच या मार्गांच्या अस्तित्वाचा प्रश्न ठरतो.

अटलांटिक आंतरकिनारी जलमार्ग व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथे सुरू होतो. त्याचे मैलांचे मोजमापही तेथूनच धरले जाते. नॉरफोक ते मायामी हे अंतर सुमारे १,०९० मैल आहे आणि पुढे हा मार्ग फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील ‘की वेस्ट’ बेटापर्यंत जातो. काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) मंजूर केलेली खोली नॉरफोकपासून फ्लोरिडातील फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट, तेथून मायामीपर्यंत १० फूट आणि त्यापुढे ७ फूट अशी उतरत जाते. आखाताच्या किनाऱ्यावरील जलमार्ग फ्लोरिडाच्या पश्चिम भागातून टेक्सासच्या ब्राउन्सव्हिलपर्यंत जातो. त्याची मंजूर खोली १२ फूट व रुंदी १२५ फूट असून तो १९४९ साली पूर्ण झाला. मंजूर खोली आणि प्रत्यक्षातली खोली यांत मोठे अंतर पडू शकते, हे मात्र वाचकाने आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे. कायद्यातील आकडा सरकारला काम करण्याची परवानगी देतो. त्या कामासाठी दरवर्षी पैसा दिलाच पाहिजे, असे बंधन तो घालत नाही.

अशा मार्गाची कल्पना जुनी आहे. अर्थमंत्री आल्बर्ट गॅलॅटिन यांनी १८०८ साली सिनेटला सादर केलेल्या अहवालात किनाऱ्यावरील भूमीच्या चार अरुंद पट्ट्या कापून आतल्या बाजूने सलग जलमार्ग करावा, असे सुचवले होते. केंद्र सरकारने जलमार्ग सुधारण्याच्या कामात १८२४ सालापासून हात घातला आणि ते काम आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियंता दलाकडे आले. ते आजतागायत त्याच दलाकडे आहे. तरीही एकोणिसाव्या शतकात बहुतेक कालवे खाजगी कंपन्यांनी खोदले आणि पथकर घेऊन चालवले. रेल्वे आल्यावर पथकराचे उत्पन्न आटले, कालवे गाळाने भरू लागले आणि अखेर सरकारला ते विकत घ्यावे लागले. व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना यांमधला १८०५ साली खुला झालेला डिस्मल स्वाम्प कालवा १९२९ मध्ये केंद्राकडे आला. साउथ कॅरोलायनातील शेवटचा खोदीव दुवा १९३६ साली पुरा झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या किनाऱ्यालगत जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा या आतल्या वाटेचे मोल सगळ्यांना कळले.

निधीची वाट समजून घेण्यासाठी तीन वेगवेगळ्या तिजोऱ्या ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली बंदर देखभाल विश्वस्त निधीची. १९८६ च्या जलसंपत्ती विकास कायद्याने तो स्थापन झाला. बंदरात चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाच्या किमतीवर आरंभी ०.०४ टक्के कर होता. तो १९९० च्या कायद्याने ०.१२५ टक्के झाला, म्हणजे एक लाख डॉलरच्या मालावर १२५ डॉलर. निर्यातीवर कर बसवण्यास राज्यघटनेची मनाई असल्यामुळे १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्यात मालावरील ही आकारणी रद्द केली आणि भार मुख्यतः आयातदारांवर राहिला. हा पैसा किनाऱ्यावरील व महासरोवरांवरील बंदरांसाठी आहे. अनेक वर्षे जमा होणाऱ्या करापेक्षा खर्च कमी होत गेला आणि निधीत अब्जावधी डॉलर शिल्लक पडून राहिले, तर बंदरांच्या तोंडाशी गाळ साचत होता. २०१४ च्या कायद्याने खर्च टप्प्याटप्प्याने वाढवण्याची उद्दिष्टे घालून दिली आणि २०२० मध्ये शिल्लक वापरण्याची वाट आणखी मोकळी केली. वर्षाला दहा लाख टनांपेक्षा कमी माल हाताळणाऱ्या लहान बंदरांसाठी २०१४ मध्ये १० टक्के व २०२० मध्ये १५ टक्के इतका किमान वाटा राखून ठेवण्यात आला. मासेमारीच्या छोट्या गावांना याचा खरा आधार झाला.

दुसरी तिजोरी अंतर्गत जलमार्ग विश्वस्त निधीची. व्यापारी नौकांच्या डिझेलवर १९८० साली गॅलनमागे ४ सेंट कर सुरू झाला, १९९५ पर्यंत तो २० सेंट झाला आणि २०१५ पासून २९ सेंट आहे. अटलांटिक व आखाती हे दोन्ही आंतरकिनारी मार्ग या कराच्या यादीत येतात. परंतु या निधीतून केवळ नवे बांधकाम व मोठ्या दुरुस्त्या यांचा ठरावीक वाटा दिला जातो. गाळ काढण्यासारखी नित्याची देखभाल त्यात बसत नाही. ती केंद्राच्या सर्वसाधारण महसुलातून करावी लागते. येथेच अडचणीचे मूळ आहे, कारण सर्वसाधारण महसुलासाठी देशातील प्रत्येक धरण, प्रत्येक पूरबांध आणि प्रत्येक नदीचा दावा असतो.

तिसरी तिजोरी हौशी नौकाचालकांच्या पैशातून भरते. मोटरबोटींच्या इंधनावरील कर आणि मासेमारीच्या साहित्यावरील अबकारी कर एकत्र करून १९८४ च्या दुरुस्तीनंतर क्रीडा-मासे संवर्धन व नौकाविहार निधीला आजचे स्वरूप आले. त्यातून माशांचे संवर्धन, होड्या पाण्यात उतरवण्याचे उतार, नौकांतील सांडपाणी खेचून घेण्याची केंद्रे आणि १९९८ पासून २६ फूट वा त्याहून लांब अशा फिरत्या नौकांसाठीचे धक्के यांना साहाय्य मिळते. मुख्य प्रवाहमार्गाचा नित्याचा उपसा या निधीच्या कक्षेत येत नाही. हौशी नौकावाला कर भरत नाही, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो भरतो, पण त्याचा कर ज्या वाटेवरून त्याची होडी जाते, त्या वाटेच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. या व्यवस्थेची ही सर्वांत ठळक उणीव मानली पाहिजे.

वार्षिक प्रक्रिया अशी चालते. अभियंता दलाची जिल्हा कार्यालये आपापल्या पट्ट्याची गरज कळवतात. राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्पात त्यांतील काही कामे येतात आणि ऊर्जा व जलविकास खर्चाच्या विधेयकाद्वारे काँग्रेस रक्कम मंजूर करते. कामांचा क्रम लावताना मालवाहतुकीच्या टनांना फार मोठे वजन दिले जाते. आखाती मार्गावरून वर्षाला सुमारे दहा कोटी टन माल जातो आणि त्यात खनिज तेल व रसायने यांचा भरणा मोठा असतो, म्हणून त्याची बाजू दर वर्षी भक्कम राहते. अटलांटिक मार्गावर मात्र बार्जची (सपाट तळाच्या मालनौकांची) वाहतूक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घटत गेली. आज तेथे शरद ऋतूत दक्षिणेकडे व वसंतात उत्तरेकडे जाणाऱ्या हौशी नौका, कोळंबी पकडणारे ट्रॉलर, सहलीच्या बोटी व सरकारी जहाजे यांचीच वर्दळ अधिक असते. धक्के, दुरुस्तीच्या गोद्या, इंधनविक्री आणि मासळीबाजार यांवर जगणाऱ्या गावांची उलाढाल टनांत मोजता येत नाही. टन हे माप मालवाहू नदीला शोभते. अशा मिश्र वापराच्या मार्गाचे महत्त्व त्याने ठरवणे अन्यायाचे आहे.

२०११ मध्ये काँग्रेसने सदस्यांच्या नावावर विशिष्ट कामांसाठी रक्कम राखण्याची प्रथा थांबवली, तेव्हा कमी वाहतुकीच्या मार्गांना मोठा फटका बसला, कारण तोवर त्यांचा पैसा बहुधा त्याच वाटेने येत असे. त्यानंतर काँग्रेस ‘लहान, दूरस्थ किंवा निर्वाहासाठीची नौकावाहतूक’ अशा शीर्षकाखाली एकत्रित रक्कम ठेवू लागली आणि तिचे वाटप अभियंता दल आपल्या कार्ययोजनेत करू लागले. सदस्यांनी कामे सुचवण्याची पद्धत २०२२ च्या आर्थिक वर्षापासून नव्या नियमांसह परतली. १९९९ साली स्थापन झालेली अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवे असोसिएशन ही संस्था या मार्गाच्या निधीसाठी दर वर्षी पाठपुरावा करते. चक्रीवादळांनंतर मंजूर होणारे पुरवणी अनुदान हा आणखी एक स्रोत आहे. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रखडलेला उपसा त्यातून झाला. मात्र देखभालीची आखणी वादळाच्या भरवशावर करता येत नाही.

निधी नसल्याचे परिणाम जॉर्जिया राज्यात स्पष्ट दिसतात. तेथे भरती-ओहोटीचा फरक सहा ते नऊ फूट असतो. बेटाच्या दोन्ही टोकांकडून आत येणाऱ्या भरतीचे पाणी जेथे एकमेकांना भिडते, तेथे प्रवाह मंदावतो आणि बारीक चिखल तळाशी बसतो. जेकिल क्रीक, लिटल मड रिव्हर आणि हेल गेट ही नावे या मार्गावरच्या नौकावाल्यांना याच कारणाने पाठ असतात. पाण्याखाली पाच-सहा फूट जाणाऱ्या शिडाच्या होडीला ओहोटीत तेथून निघण्याचे धाडस करता येत नाही. ती अलीकडे नांगर टाकून पाणी चढण्याची वाट पाहते, अर्धी भरती झाल्यावर निघते आणि खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या आकड्यावर नजर ठेवून हळूहळू पुढे सरकते. भरती चढती असताना होडी रुतली तर थोड्या वेळाने आपोआप मोकळी होते. पाणी उतरत असताना रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत ती कलंडून पडते. म्हणून भरती पूर्ण होण्याआधीच निघण्याचा शिरस्ता पडला आहे. काहीजण ही कटकट टाळण्यासाठी जॉर्जियाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. लहान होड्यांना खराब हवेत हा पर्याय उपलब्ध नसतो, आणि सुरक्षित आतली वाट राखण्याचे मूळ प्रयोजनच तेथे विफल होते.

नॉर्थ कॅरोलायनात अडचण वेगळ्या प्रकारची आहे. लॉकवुड्स फॉली व शॅलोट यांसारख्या समुद्रमुखांजवळून जलमार्ग आडवा जातो आणि लाटा तेथे वाळू आत ढकलतात. चिखलापेक्षा वाळू वेगाने साचते, त्यामुळे अशा जागी वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा काम करावे लागते. विल्मिंग्टन येथील अभियंता दलाच्या कार्यालयाकडे यासाठी उथळ पाण्यात चालणारी खास जहाजे आहेत. त्यांपैकी ‘मेरिट’ तळाची वाळू पाण्यासकट शोषून लांब नळाने प्रवाहमार्गाच्या बाजूला फेकते आणि पाण्याचा ओघ ती दूर नेतो. ‘मर्डन’ व ‘करिटक’ ही जहाजे वाळू आपल्या पोटात भरतात, किनाऱ्यालगत जातात आणि बूड दुभंगून ती तेथे सोडतात, म्हणजे तीच वाळू पुळणीच्या उपयोगी पडते. केंद्राचा पैसा अपुरा पडू लागल्यावर राज्याने २०१३ मध्ये उथळ मार्गांच्या उपशासाठी स्वतःचा निधी उभारला. होड्यांचे नोंदणी शुल्क व इंधनकराचा लहानसा भाग त्यात जमा होतो आणि काउंट्या (राज्याचे प्रशासकीय विभाग) व गावे आपला हिस्सा घालतात. राज्याने दिलेली रक्कम स्वीकारून केंद्राच्या मार्गावर काम करण्याची मुभा अभियंता दलाला कायद्याने आहे.

स्थानिक सहभागाचे सर्वांत जुने व यशस्वी उदाहरण फ्लोरिडाचे आहे. तेथील कालवा १८८१ साली स्थापन झालेल्या खाजगी कंपनीने १९१२ पर्यंत खोदला, पण तो कधीच नीट राखला गेला नाही. तो विकत घेऊन केंद्राच्या हवाली करण्यासाठी राज्याने १९२७ मध्ये फ्लोरिडा इनलँड नेव्हिगेशन डिस्ट्रिक्ट हा स्वतंत्र करजिल्हा निर्माण केला. पूर्व किनाऱ्यावरील १२ काउंट्यांतील मालमत्तांवर तो अत्यल्प कर लावतो. अलीकडच्या काळात हा कर एक लाख डॉलरच्या करपात्र मूल्यामागे साधारण तीन डॉलरच्या घरात राहिला आहे. या पैशातून उपसलेला गाळ ठेवण्याच्या जमिनी आधीच घेऊन ठेवल्या जातात, केंद्राला उपशासाठी साहाय्य दिले जाते आणि स्थानिक संस्थांच्या जलमार्गविषयक कामांना अनुदान मिळते. जमिनी महागण्यापूर्वी घेण्याची दूरदृष्टी विशेष उल्लेखनीय आहे. साउथ कॅरोलायना व जॉर्जियात गाळ टाकण्याच्या जागा घरबांधणीमुळे व पाणथळींच्या संरक्षणामुळे कमी होत गेल्या. पैसा मंजूर झाला तरी गाळ कोठे टाकायचा, या प्रश्नावर कामे अडतात.

गाळाची विल्हेवाट हा खर्चाचा मोठा भाग आहे. ड्रेजर (गाळ उपसणारे जहाज), नळमार्ग आणि मदतनौका जागेवर आणण्याचा खर्च काम लहान असले तरी फारसा घटत नाही, म्हणून शेजारची कामे एकाच कंत्राटात जोडण्याकडे कल असतो. याच कारणाने मंजूर खोलीच्या खाली एक-दोन फूट जादा उपसून पुढच्या गाळासाठी जागा करून ठेवली जाते. कासवे व मासे यांच्या संरक्षणासाठी वर्षातील काही महिने काम बंद ठेवावे लागते, आणि १९७२ च्या शुद्ध जल कायद्यानुसार गाळ टाकण्यावर निर्बंध आहेत. पर्यावरणाच्या कसोटीला उतरणारी सर्वांत स्वस्त पद्धत हीच केंद्राच्या खर्चाची ठरलेली मर्यादा असते. त्याहून महाग पण अधिक उपयुक्त पद्धत हवी असेल तर फरकाची रक्कम सामान्यतः राज्याने वा स्थानिक संस्थेने द्यायची असते. जेकिल क्रीक येथे २०१९ मध्ये उपसलेला चिखल दलदलीच्या गवतावर पातळ थरात फवारण्याचा प्रयोग झाला. चढत्या समुद्रपातळीबरोबर दलदलीचीही उंची वाढावी, हा त्यामागचा हेतू होता. उपसलेल्या एकूण गाळापैकी ७० टक्के गाळ २०३० पर्यंत अशा उपयोगी कामांत वापरण्याचे उद्दिष्ट अभियंता दलाने २०२३ मध्ये जाहीर केले. या उद्दिष्टाचा जादा खर्च केंद्र व स्थानिक भागीदार यांच्यात कसा वाटला जातो, यावर लहान जलमार्गांना त्याचा लाभ किती मिळेल हे अवलंबून आहे.