चिरेचा जमाखर्च

बडोद्यात 14 जानेवारीला संक्रांत फक्त पंचांगात असते. दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरातसुद्धा सगळ्यांच्या तोंडी उत्तरायणच. त्या दिवशी गच्चीच्या कोपऱ्यात खळीची वाटी, कात्री आणि मेलेल्या पतंगांचे तुकडे मांडलेले असतात. कुठे फाटलं की तुकडा चिकटवायचा आणि पतंग पुन्हा वर.

यंदा भाच्याला तेवढाही धीर नव्हता. अर्धं पेर फाटलेला पतंग त्याने तसाच तासभर उडवला. मग खाली उतरवताना टाकीच्या नळाला अडकून ती चीर बोटभर झाली. "चालेल रे मामा," म्हणत त्याने पुन्हा चढवला. ढील देत होता तोवर पतंग शहाण्यासारखा वागला. पेच लागल्यावर त्याने खेच मारली, आणि चीर टर्रकन पार कडेपर्यंत गेली. वारा तोच, कागद तोच. मग अर्ध्या पेराची चीर तासभर गप्प बसते आणि बोटभर चीर क्षणात धावते, ते का?

ताणलेल्या कागदात ताणलेल्या रबरासारखीच ऊर्जा साठलेली असते. चीर जरा पुढे सरकली की तिच्या दोन्ही अंगांचा कागद सैल पडतो आणि तिथली ऊर्जा मोकळी होते. ही झाली जमा. पण पुढे सरकायचं तर कागदाचे धागे तोडून नवी कड तयार करावी लागते. हा खर्च. चीर दुप्पट लांब झाली तर खर्च दुप्पट होतो. सैल पडणारा पट्टा मात्र लांबीबरोबर रुंदीलाही वाढतो, म्हणून जमा चौपट होते. चीर छोटी असते तोवर पुढचं पाऊल तोट्यात जातं, म्हणून ती जागच्या जागी राहते. एका ठरावीक लांबीनंतर प्रत्येक पाऊल नफ्याचं, आणि मग तिला कोणी ओढावंही लागत नाही. खेच मारली की ताण वाढतो आणि ती ठरावीक लांबी आखूड होते. भाच्याची चीर नेमकी तिथे सापडली.

हा हिशेब ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली मांडला. तो फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करत होता. रेणूंमधल्या बंधांच्या ताकदीवरून गणित केलं तर काच प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पट मजबूत असायला हवी, हे कोडं त्याच्यासमोर होतं. त्याने काच वितळवून तिचे बारीक बारीक धागे ओढले. जाड कांडी सुमारे 170 मेगापास्कल ताणाला तुटायची, तर तीन सहस्रांश मिलिमीटर जाडीचा धागा जवळजवळ वीसपट ताण सोसायचा. काच तीच, पण एवढ्या बारीक धाग्यात मोठी चीर मावणारच कुठे? काचवाला हिरकणीने एक ओरखडा काढतो, टेबलाच्या कडेवर काच दाबतो आणि ती सरळ रेषेत दुभंगते. ग्रिफिथचं समीकरण तो रोज हाताने सोडवतो.

त्याच दुपारी जिन्याच्या तोंडाशी पाणी सांडलं होतं. आत्या घसरली आणि हातावर पडली. मनगट मोडलं. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, सातेक वर्षांचा दुसरा भाचा गेल्या वर्षी कठड्यावरून आतल्या बाजूला पडला होता, तेव्हा त्याचं हाड ओल्या फांदीसारखं एका बाजूला तडकून नुसतं वाकलं होतं. डॉक्टर त्याला ग्रीनस्टिक फ्रॅक्चर म्हणतात.

हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो. बाकीच्यात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी. खनिजाने ताठपणा येतो, पण चिरेचा खर्च वाढवतं ते कोलॅजेन. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. खनिज विरघळतं आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. हाडातून आडवी जाणारी चीर सरळ जाऊच शकत नाही. हाडातल्या नळ्यांसारख्या रचनांच्या सीमेवर ती वळते, फाटे फुटतात, मागे कोलॅजेनचे तंतू पुलासारखे दोन्ही कडा धरून राहतात. प्रत्येक वळणावर ऊर्जा खर्च होते. म्हणून काचेत चीर धावायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या शंभरपट किंवा जास्तही हाडात लागते. उभी चीर मात्र स्वस्तात जाते. पतंगाची कामटी करताना बांबू उभा सहज चिरतो, आडवा मोडायला जीव काढतो, तसंच.

लहान मुलांच्या हाडात खनिजाचं प्रमाण कमी, म्हणून चीर अर्ध्यातच दमते. वय वाढतं तसं हाड विरळ होतंच, शिवाय कोलॅजेनही कडक होत जातं. हाडांची घनता मोजणारी तपासणी खनिज मोजते, हा दुसरा भाग तिला दिसत नाही. रिपोर्टवरचा एकच आकडा बघून निर्धास्त होणाऱ्यांचं म्हणूनच मला नवल वाटतं.

आता पडण्याची जमा बघा. 60 किलोचा माणूस उभ्याचा आडवा होताना शरीराचा मध्य पाऊण मीटर खाली आला, तर सुमारे 440 जूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळी हाडावर आली तर काही खरं नाही. एरवी बरीचशी स्नायू गिळतात: गुडघे वाकतात, कोपर दुमडतं, अंग वळतं. म्हातारपणी हे वळणंच उशिरा होतं.

स्कूटरवर हिशेब आणखी बिघडतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 20 किलोमीटरने आदळणं म्हणजे दीड मीटरवरून पडणं. ताशी 40 ने म्हणजे सहा मीटरहून जास्त उंचीवरून, दोन मजले. अशा वेळी हाडाला एका चिरेत सगळी ऊर्जा खर्चता येत नाही, एकदम अनेक चिरा सुटतात आणि हाडाचे तुकडे होतात. एक्स-रेत तुकडे मोजून डॉक्टर धडक केवढी होती याचा अंदाज बांधतात, आणि भोवतीच्या स्नायूंनाही किती मार बसला असेल याचा.

आत्याचं एकाच जागी मोडलं होतं. प्लास्टर घालून ती संध्याकाळी परत आली, डाव्या हाताने उंधियू खाल्ला, आणि भाच्याला बोलावून त्या फाटक्या पतंगाला आडवी पट्टी कुठे लावायची ते दाखवलं: चिरेच्या टोकाच्या पुढे, दोन बोटं सोडून.