मोजणीबाहेरचे रविवार : प्रेसबिटेरियन चर्चमध्ये लेंट कसा परतला

लेंट म्हणजे ईस्टरच्या, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ. त्याच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतल्या किंवा स्कॉटलंडमधल्या एखाद्या प्रेसबिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका शाखेच्या, चर्चमध्ये शिरलात, तर आधी डोळ्यांत भरतो तो जांभळा रंग. प्रभुभोजनाच्या मेजावर जांभळे वस्त्र, व्यासपीठावरून खाली सोडलेली तशीच पट्टी, पाळकांच्या काळ्या झग्यावर जांभळा स्टोल, म्हणजे गळ्यातला लांब पट्टा. फुले नसतात, असली तर मोजकी. 'हालेलूया' हा शब्द गाण्यांतून गायब झालेला असतो आणि तो थेट ईस्टरलाच परत ऐकू येतो. सुरुवातीची पापकबुली एरवीपेक्षा लांबते, ५१व्या स्तोत्राच्या ओळी कुठे ना कुठे येतातच. शुभवर्तमानातला उतारा तर ठरलेलाच : येशूचे अरण्यातले चाळीस दिवस. सगळे इतक्या सराईतपणे चाललेले असते, की ही रीत बापजाद्यांपासूनची असावी असे वाटते. तशी ती नाही. प्रेसबिटेरियन परंपरेचे वय साडेचारशे वर्षांचे धरले, तर त्यातली पहिली तीनशेहून अधिक वर्षे या लोकांनी लेंट पाळलाच नाही. आणि तो टाकून दिल्याचा त्यांना चांगलाच अभिमान होता.

आधी थोडे गणित. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते भरतात ४६. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार वजा करायचे. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही, हा प्राचीन चर्चचा दंडक. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत केलेल्या नियमांत ईस्टरपूर्वीच्या या 'चाळिशी'चा उल्लेख येतो, म्हणजे तेव्हाही ती लोकांच्या ओळखीची होती. मोजायची पद्धत मात्र ठिकठिकाणी वेगळी होती. बुधवारची सुरुवात ही पश्चिमेकडची, नंतरची सोय.

म्हणजे रविवार लेंटच्या हिशेबातच नाही. आणि प्रेसबिटेरियन माणसाचा लेंट जगतो तो मात्र जवळजवळ सगळा रविवारीच. या विसंगतीचे मूळ स्वित्झर्लंडच्या झुरिकमधल्या एका छापखान्यात सापडते.

१५२२ सालचा लेंट. क्रिस्टोफ फ्रोशाउअर हा झुरिकचा मुद्रक फ्रँकफर्टच्या पुस्तकजत्रेसाठी माल तयार करायच्या घाईत होता. माणसे थकलेली. ९ मार्चला, म्हणजे लेंटच्या पहिल्याच रविवारी, त्याच्या घरी दोन धुरावलेले सॉसेज कापून त्याचे बारीक तुकडे जमलेल्या डझनभर लोकांत वाटले गेले. लेंटमध्ये मांस खाणे हा, रविवारीसुद्धा, गुन्हा होता. उल्रिख झ्विंग्ली हा शहराचा प्रमुख धर्मोपदेशक तिथे हजर होता. त्याने स्वतः तुकडा उचलला नाही, पण खाणाऱ्यांना अडवलेही नाही. गवगवा झाला तसे फ्रोशाउअरने सांगितले, की काम इतके आहे की नुसत्या लापशीवर माणसे टिकत नाहीत. दोन आठवड्यांनी झ्विंग्लीने व्यासपीठावरून त्याची बाजू घेतली : उपास करायचा त्याने करावा, पण देवाने जे बंधन घातले नाही ते चर्चने घालू नये. पुढे हे प्रवचन छापूनही निघाले. मुद्रक घरचाच होता.

यातला मुद्दा खाण्यापिण्यापुरता नव्हता. माणसाने केलेल्या नियमाने विवेक बांधता येतो का, हा प्रश्न होता. जिनिव्हात जॉन काल्विन या धर्मसुधारकाने तो आणखी कसून मांडला. येशूने चाळीस दिवस उपास केला तो आपल्याला कित्ता घालून द्यायला नव्हे. जुन्या करारातल्या मोशे आणि एलीया यांच्या उपासांसारखाच तो एक चमत्कार होता, आणि चमत्काराची नक्कल करायला जाणे ही अंधश्रद्धा, असे त्याने लिहिले. उपास मात्र त्याने उडवला नाही. संकटाच्या वेळी, पश्चात्तापासाठी, सगळ्या मंडळीने मिळून उपास करावा, असे त्याचे म्हणणे होते. पंचांग पाहून करू नये, एवढेच.

पंचांग गेले ते आणखी एका वाटेने. १ जानेवारी १५१९ रोजी झ्विंग्लीने नेमून दिलेले रविवारचे उतारे बाजूला ठेवले आणि मत्तयकृत शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून ओळीने समजावून सांगायला घेतले. काल्विनची तर गोष्टच आहे. १५३८च्या ईस्टरनंतर जिनिव्हाने त्याला हाकलले. १५४१च्या सप्टेंबरात परत बोलावले, तेव्हा तो व्यासपीठावर चढला आणि साडेतीन वर्षांपूर्वी जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या उताऱ्यापासून सुरू झाला. तक्रार नाही, टोमणा नाही. पुस्तक ओळीने वाचत जायचे ठरले, की आज कुठला सण, कुठला ऋतू, याला जागा उरत नाही. येशूच्या दुःखसहनाचे उतारे काल्विन ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घेई, हा अपवाद.

स्कॉटलंडने हे सगळे जिनिव्हाहून घेतले आणि जास्तच कडक केले. १५६० साली तिथला धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चर्चच्या शिस्तीचा जो मसुदा तयार केला, त्यात ख्रिसमससकट सगळे सण मोडीत निघाले. बिशपांऐवजी निवडलेले 'वडील', म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, आणि पाळक मिळून चर्च चालवणार, ही प्रेसबिटेरियन घडी त्यानंतरच्या काही दशकांत बसली. यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. या चर्चची महासभा १५६५ साली भरली ती २५ डिसेंबरला. कुणालाच त्या दिवशी दुसरे काही काम नव्हते. त्याच सभेने देशभर उपास जाहीर केला : १५६६च्या फेब्रुवारीअखेरच्या आणि मार्चच्या सुरुवातीच्या रविवारी. शनिवारी रात्री आठपासून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत काही खायचे नाही, आणि नंतरही फक्त भाकर-पाणी. तारखा पाहा. लेंट टाकून दिलेल्या लोकांचा पहिला राष्ट्रीय उपास लेंटच्याच तोंडावर आला, आणि तोही रविवारी, ज्या दिवशी उपास करू नये असे जुने चर्च म्हणत होते.

मग राजा मध्ये पडला. १६१८ साली सहाव्या जेम्सने पर्थच्या सभेकडून पाच कलमे मंजूर करून घेतली. प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यावे हे एक कलम. ख्रिसमस, गुड फ्रायडे, ईस्टर, स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट पाळावेत हे दुसरे. लोकांनी ते मनावर घेतले नाही. १६३७ साली त्याच्या मुलाने इंग्लंडच्या धर्तीवरचे प्रार्थनापुस्तक लादले तेव्हा एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये बसायची तिवईच पाळकाच्या अंगावर भिरकावली गेली. ती जेनी गेडिस नावाच्या बाईने फेकली अशी दंतकथा आहे. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या महासभेने पाचही कलमे रद्द केली. १६४५च्या वेस्टमिन्स्टर उपासना-निर्देशिकेने तर शेवटचा शब्दच उच्चारला : शास्त्राने पवित्र पाळायला सांगितलेला दिवस एकच, प्रभूचा दिवस, बाकीच्या सणांना देवाच्या वचनाचा आधार नाही, ते चालू ठेवू नयेत.

रविवार वर काढण्यासाठीच लेंट खाली ढकलला गेला, तो असा.

तरी माणसाला तयारीचा काळ लागतोच. स्कॉटिश खेड्यांत प्रभुभोजन वर्षातून एक-दोनदाच व्हायचे आणि त्याभोवती एक छोटा लेंटच उभा राहिला होता. गुरुवारी उपासाचा दिवस, दुकाने बंद. शनिवारी तयारीचे प्रवचन. रविवारी पांढरे कापड घातलेल्या लांबलचक मेजांवर भोजन, सोमवारी उपकारस्तुती. वडील आधी घरोघर जाऊन चौकशी करत : प्रश्नोत्तरे पाठ आहेत का, शेजाऱ्याशी भांडण मिटले का. समाधान झाले की हातावर शिशाचा छोटा तुकडा ठेवत. नाण्याएवढा, त्यावर गावाच्या नावाची आद्याक्षरे, बहुतेक वेळा सालही. तो दाखवल्याशिवाय मेजाशी बसता येत नसे. आज हे तुकडे संग्राहकांच्या पेट्यांत असतात. रेल्वे आली तसा शहरांतला गुरुवारचा उपास सहलीचा दिवस झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हळूहळू बंदच पडला.

नेमकी त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने दारे किलकिली झाली. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये रॉबर्ट ली या पाळकांनी आधी लिहून ठेवलेल्या प्रार्थना वाचायला आणि वाद्य वाजवायला सुरुवात केली आणि १८६०च्या दशकात महासभेत त्यावर रण माजले. १८६५ साली चर्च सर्व्हिस सोसायटी निघाली आणि जुन्या उपासनाविधींचा अभ्यास सुरू झाला. अमेरिकेत १९०६ साली प्रेसबिटेरियनांचे पहिले उपासनापुस्तक आले. ते ज्याला हवे त्याने वापरावे, असे शीर्षकपृष्ठावरच छापावे लागले. १९३२च्या आवृत्तीत चर्चच्या वर्षाला अधिक जागा मिळाली आणि वाचनांचे एक प्राथमिक वेळापत्रकही आले. १९४०मध्ये स्कॉटलंडच्या चर्चने तेच केले. कुठेही हुकूम नाही, सगळीकडे 'हवे तर'. या चर्चमध्ये बदल आला तो याच दोन शब्दांच्या आडून.

खरी कलाटणी कॅथलिकांमुळे मिळाली, ही यातली गंमत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली रोमने तीन वर्षांच्या चक्राचे नवे वाचन-वेळापत्रक काढले. पाठोपाठ अमेरिकन प्रेसबिटेरियनांनी त्याचे आपले रूप करून घेतले. पुढे अनेक चर्चेसनी मिळून १९९२ साली त्याची सुधारित सामाईक आवृत्ती काढली. जांभळे वस्त्र किंवा राख यांच्यापेक्षा हा बदल मोठा, असे मला वाटते. झ्विंग्लीने १५१९ साली जे टाकले होते तेच परत आले. आज चक्राच्या पहिल्या वर्षी लेंटचे रविवार असे चालतात : अरण्यातली परीक्षा, रात्री चोरून भेटायला आलेला निकदेम, विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, लाजर. शेवटच्या चार गोष्टी योहानातल्या, एकीपेक्षा एक लांब. जन्मांधाचा अख्खा अध्याय उभ्याने ऐकताना म्हातारी माणसे पाय बदलत राहतात. पण सहा आठवडे या क्रमाने ऐकले, की लेंट पाळायचा असे कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

राख सर्वांत शेवटी आली. १९९३च्या अमेरिकन उपासनापुस्तकात राखेच्या बुधवारचा पूर्ण विधी आहे, कपाळाला राख लावण्यासकट. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वापरलेल्या झावळ्या जाळून ती करायची. त्या दिवशीचे नेमलेले वाचन मात्र मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले : उपास करता तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. ते वाचून झाल्यावर कपाळावर काळा क्रूस घेऊन माणसे ऑफिसला जातात. विरोधकांना याहून सोपे लक्ष्य मिळायचे नाही, आणि स्कॉटलंडच्या छोट्या, कडव्या प्रेसबिटेरियन चर्चेसमध्ये आजही यातले काही चालत नाही. काल्विनला त्यातल्या त्यात पटले असते ते दुसरेच. १९४९पासून अमेरिकेत लेंटमध्ये एक सामाईक दानसंकलन चालते. मुले माशाच्या आकाराच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत चिल्लर साठवतात आणि ईस्टरच्या सुमारास चर्चमध्ये आणून देतात. यशयाच्या ५८व्या अध्यायात खरा उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे, असे म्हटले आहे. त्याची ही लहान आवृत्ती.

आपल्याकडे ही परंपरा आली ती कोकणच्या किनाऱ्याने. १८२०च्या दशकात स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णै भागात उतरले. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईत आले, पुढे नागपुरात स्टीफन हिस्लॉप आले. कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकेचे रॉयल वाइल्डर आले, आणि ते मिशन नंतर अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे गेले. १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च फुटले तेव्हा विल्सन फ्री चर्चच्या बाजूला गेले. या मंडळींच्या सामानात लेंट नव्हता. असता तरी त्यांनी तो इथे उघडला असता असे वाटत नाही. उपासाने पुण्य जोडता येत नाही, हे तर त्यांच्या प्रचाराचे मुख्य सूत्र. एकादशी आणि चातुर्मास सोडून आलेल्या माणसाला चाळीस दिवसांचे नवे व्रत धरायला ते कोणत्या तोंडाने सांगणार?

लेंट मराठी प्रेसबिटेरियनांकडे आला तो ऐक्याच्या वाटेने. १९२४ साली ते काँग्रिगेशनल या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांशी एक झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोकही त्याच छताखाली आले, आपले पंचांग घेऊन. आज अशा मंडळीत राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, ओळीने येतात. आपले घराणे स्कॉच की अमेरिकन की 'इंग्लिश चर्चचे', हे सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली. उत्तम शुक्रवारची बारा ते तीनची उपासना तर अस्सल प्रोटेस्टंट वाटावी इतकी रुळली आहे. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, मधे मधे गाणी, आणि चौथा वक्ता आपली वेळ हमखास ओलांडणार. ही रीत सुरू केली सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरूच्या लिमा शहरातल्या जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी. नॉक्सला हे कळले असते तर?

आणि रविवारचा प्रश्न अजून सुटलेला नाही. उपासनेनंतर मंडळीच्या आवारात चहा मिळतो, आणि लेंटमध्ये कुणीतरी चहा सोडलेला असतोच. 'पाळकसाहेब, रविवार धरायचा का हो चाळिसात?' पाळकसाहेब ४६ वजा ६चे गणित सांगतात. विचारणाऱ्या बाई थोडा विचार करतात, कप उचलतात, आणि साखर नको म्हणून सांगतात.