‘दारूनं शुगर उतरते’ हे आलं कुठून?

सांगली-मिरजेत दवाखान्यांबाहेर शुगरवाले पेशंट गप्पा मारत बसले की एक वाक्य हमखास कानावर येतं : “बियर नको, गोड असते. क्वार्टरला काय होतंय? उलट शुगर उतरते.” अडाणीपणा म्हणून हे उडवून लावता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांचं गणितही जवळपास असंच होतं.

रक्तातली साखर खाली आणणारं इन्सुलिन औषध म्हणून नव्हतं तेव्हा मधुमेहावर उपासाशिवाय फारसा इलाज नव्हता. अमेरिकेतल्या फ्रेडरिक अ‍ॅलन यांची उपासाची पद्धत १९१५च्या सुमारास गाजत होती. त्या पद्धतीच्या पथ्यात उपासाच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांनी काळ्या कॉफीतून औंसभर व्हिस्की असे. व्हिस्कीत पिष्ट नाही, साखर नाही आणि अंगाला थोडी ताकद मिळते, एवढाच हिशेब. १९२२ साली इन्सुलिन पेशंटच्या दंडापर्यंत पोचलं आणि ते पथ्य मागे पडलं. समजूत मात्र टिकली.

आपल्याकडे तिला कायद्यानेही नकळत हातभार लावला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा.  दारू बंद, पण तब्येतीच्या कारणासाठी परवाना मिळे. म्हणजे सरकारी कागदावरच दारू औषधाच्या रांगेत बसली. घरोघरी बाळंतिणीला चमचाभर ब्रँडी होतीच. पुढे कृष्णाकाठी ऊस वाढला, साखर कारखाने आले, मळीपासून स्पिरिट निघू लागलं आणि बाटली गावात सहज मिळायला लागली. विदेशी दारूच्या लेबलावर ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्या हिशेबाने १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६१ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल येतं. उष्मांक सव्वाचारशेच्या घरात. साखर शून्य, हे खरंच आहे. पण दारूत साखर किती, या प्रश्नातच अर्थ नाही.

स्वादुपिंड म्हणजे पोटातली, इन्सुलिन बनवणारी ग्रंथी. तिची हकीकत वेगळ्याच वाटेने चालली होती. इंग्लंडमध्ये थॉमस कॉली यांनी १७८८ साली मधुमेहाने गेलेल्या एका माणसाच्या स्वादुपिंडात खडे सापडल्याचं नोंदवलं होतं. माणूस खाण्यापिण्याचा शौकीन. १८६९मध्ये लँगरहान्स यांना या ग्रंथीतली पेशींची बेटं दिसली. १८७८मध्ये जर्मनीच्या फ्रीडराइख यांनी तर ‘दारुड्याचं स्वादुपिंड’ असं नावच देऊन टाकलं. मग आलं १८८९. स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. त्याच वर्षी बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या ग्रंथीच्या तीव्र दाहाचं पहिलं नीट वर्णन केलं.

दारूने स्वादुपिंड बिघडतं आणि त्यातून मधुमेहही होतो, हे आपल्याकडे पोचायला फार उशीर झाला, असं मला वाटतं. दारूबंदीच्या आंदोलनांत, ‘आडवी बाटली’च्या मतदानात बायका बोलल्या त्या संसाराबद्दल, मारहाणीबद्दल, आणि ते रास्तच होतं. शरीराचा विषय निघाला तर तो लिव्हरपाशी थांबला. स्वादुपिंडाच्या दाहात पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीत आरपार जाणारी, पुढे वाकून बसल्यावरच जरा कमी होणारी कळ ‘पित्त’ म्हणून सोडा पिऊन काढली जाते. शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारं होतं, हे तर कुणी सांगतच नाही. इथे एक सांगायला हवं : प्रत्येक पॅनक्रियाटायटिसवाला, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह झालेला, पिणारा नसतो. पित्ताशयातले खडे हे मोठं कारण आहे. केरळात तर कधीच दारूला न शिवलेल्या तरुणांच्या स्वादुपिंडातही खडे सापडलेत. पेशंटला आधी टोमणा मारणाऱ्या पाहुण्यांनी हे लक्षात ठेवावं. बिडी-सिगारेटचाही यात वेगळा वाटा आहे.

आता ‘उतरते’चा अर्थ. जेवण झाल्यावर काही तासांनी रक्तातली साखर सांभाळण्याचं काम लिव्हरचं. दारू पोटात गेली की लिव्हर आधी तिच्या मागे लागतं आणि नवी साखर बनवणं थांबवतं. साठवलेली साखर संपली, वर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असली, की साखर धोक्याच्या खाली घसरते. बऱ्याचदा रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी पहाटे. दाहाने स्वादुपिंड झिजून झालेल्या मधुमेहात आणखी एक वजाबाकी असते : इन्सुलिनच्या पेशींबरोबर ग्लुकागॉनच्या पेशीही गेलेल्या असतात. ग्लुकागॉन हे साखर वर खेचणारं संप्रेरक. त्यामुळे घसरण सुरू झाली तर आतून धरणारं कुणी नाही. शिवाय प्रत्येक नव्या पिण्यागणिक दाहाचा झटका परत येण्याची भीती असते, आणि उरलेली ग्रंथी आणखी झिजते. म्हणून अशा पेशंटला ‘थोडी चालेल’ असा आकडा नसतो. पूर्ण बंद, एवढंच.

घरच्यांची फसगत होते ती लक्षणांनी. घाम, थरथर, अडखळतं बोलणं, झोकांडी, भांडखोरपणा... साखर घसरल्यावर हेच दिसतं आणि प्यायल्यावरही हेच. तोंडाला वास येतोय म्हटल्यावर “पडू दे, उतरेल” म्हणून चादर टाकली जाते. शुगरच्या पेशंटला त्या वेळी ग्लुकोमीटर लावून बघायचं. शुद्धीत असला आणि गिळू शकत असला तर साखरपाणी द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न ओतता कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन करायचा. लिव्हरमधला साठाच संपलेला असला तर ग्लुकागॉनच्या इंजेक्शनचाही नीट उपयोग होत नाही. शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं.