रिबन पूल आणि राखीव अभियंत्यांचा सराव

रिबन पूल : घडी घालून ट्रकवरून नेता येणारा आणि पाण्यात पडताच आपोआप उलगडणारा सैनिकी तरता पूल. प्रयागराजला कुंभमेळ्यात गंगेवर पिप्यांचे पूल उभे राहतात, ते अनेकांनी पाहिले असतील. तिथे पिपे आधी आणि रस्ता नंतर, वेगळा टाकावा लागतो. रिबन पुलात पिपाच रस्ता असतो. सगळा वेळ वाचतो तो इथे.

मूळ कल्पना सोव्हिएत ‘पीएमपी’ पुलाची. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तच्या सैन्याने सुएझ कालव्यावर तो टाकला होता. अमेरिकेने त्याच धर्तीवर, पण पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा पूल बनवला. हा पूल एकेक तुकडा, म्हणजे खंड, जोडून होतो. एका खंडात बिजागऱ्यांनी जोडलेले चार पिपे असतात. मधल्या दोघांच्या पाठीवरून वाहने जातात. कडेचे दोन नावेच्या नाळेसारखे निमुळते असतात. मधला खंड सुमारे ७ मीटर लांब आणि ६ टनांहून जड. टोकाचे उतरते खंड काठावर टेकतात.

अमेरिकेत पूल बांधणाऱ्या बऱ्याच तुकड्या राखीव दलांत आहेत. म्हणजे एरवी नोकरी-धंदा करणारी माणसे महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून साधारण दोन आठवडे गणवेश चढवतात. आर्कान्सॉ राज्यात फोर्ट चॅफी येथे आर्कान्सॉ नदीवर होणारा ‘ऑपरेशन रिव्हर असॉल्ट’ हा त्यांचा सराव; २०१५ मध्येही तो झाला.

ट्रक उलटा घेत मागची चाके पाण्यात उतरवतात, कड्या सोडतात आणि खंड धाडकन पाण्यात घसरतो. दोन इंजिनांची छोटी नाव त्याला ढकलत ओळीत आणते आणि खंडावर उभे असलेले सैनिक तो शेजारच्या खंडाला अडकवतात. खरा कस लागतो तो नाव चालवणाऱ्याचा. प्रवाह, वारा आणि सहा टनांची ओढ एकाच वेळी सांभाळायची, आणि हा हात सवय सुटली की बिघडतो. शेवटचा खंड बसवताना तर वीतभर फरकानेही पुन्हा मागे जावे लागते. पूल जुळला तरी नावांना सुटी नाही. प्रवाहाच्या खालच्या अंगाने पुलाला रेटा देत त्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात, नाहीतर सगळी ओळ धनुष्यासारखी वाकते. मुक्काम लांबणार असेल तर मग तारदोरांनी नांगरतात.

खंड कमी असले तर तेच जोडून तराफा करतात आणि रणगाडे एकेक करून पलीकडे नेतात.