ब्लीच मारलं की बुरशी गेली? नाही हो!

घरात पाणी शिरून गेल्यावर भिंतीवर काळे ठिपके उठले की सल्ला ठरलेला: ब्लीच मारा, बुरशी मुळासकट जाते. डाग जातो, हे खरं. बुरशी जातेच असं नाही.

टाइल, काच, धातू यांवर ब्लीच चालतं. प्लास्टर, जिप्सम बोर्ड, प्लायवूड यांचं गणित वेगळं. तिथे बुरशीचे तंतू आत शिरलेले असतात. ब्लीचचा जोर वरच्या थरातच संपतो आणि त्यातलं पाणी मात्र आत मुरतं. म्हणजे जिच्यावर बुरशी पोसते ती ओल आपणच वाढवतो! डाग पांढरा पडल्याने भिंत स्वच्छ दिसते, एवढंच. ओल तशीच असेल तर ठिपके त्याच जागी पुन्हा डोकं वर काढतात. शिवाय मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून ती नुसती मारून भागत नाही, काढावीच लागते.

आधी गळती थांबवा. ते राहिलं तर मुसळ केरात. भिजलेलं सगळं २४ ते ४८ तासांत सुकवलं तर बहुतेक वेळा बुरशी धरतच नाही. टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून कोरडे करा. बुरशी धरलेला जिप्सम बोर्ड किंवा गालिचा टाकूनच द्या; जिवावर येतं, पण इलाज नाही. भिंत आतून सुकेपर्यंत रंगाची घाई नको, पोपडे निघतील.

आणि ब्लीच वापरायचंच असेल तर खिडक्या उघड्या ठेवा. अमोनिया किंवा अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.